मुलाखतीचा लातूर पॅटर्न निघेल का?

उत्साही : सर, माझं म्हणणं सरळ आहे. बारावीला लातूरनं जे करून दाखवलं ते मुलाखतीला का करता येऊ नये? बोर्डाच्या गुणवत्ता यादीत पुण्या-मुंबईच्या ठरावीक संस्थांचीच नावं लागणार, हे एके काळी सगळे धरूनच चालले होते. मग राजर्षी शाहू महाविद्यालयानं आणि पाठोपाठ इतरांनी जादा तास घेतले, चाचण्यांवर चाचण्या घेतल्या, चूक कुठं झाली ते पोरांना दाखवलं आणि पुन्हा लिहायला लावलं. यात जादू कसलीच नव्हती. शहरातल्या पोराला जे वातावरणातून मिळतं ते आपल्या पोराला सरावातून मिळू शकतं, एवढं त्यातून सिद्ध झालं. आज हेच पोर लेखी परीक्षा काढतं आणि मुलाखतीच्या खोलीत गेलं की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. राज्यसेवेच्या नव्या रचनेत मुख्य परीक्षेला १७५० गुण आहेत आणि मुलाखतीला २७५. आधी ८०० ला १०० होते. एकेका गुणावर जिथं पद ठरतं, तिथं हे २७५ गुण नशिबावर सोडायचे का?

शंकेखोर : मॅडम, बारावीच्या पेपरला आन्सर की असते. उत्तर बरोबर आलं की मार्क द्यावाच लागतो, मग पोरगं कंधारचं असो की कोथरूडचं. लातूर पॅटर्न उभा राहिला तो या भरवशावर. मुलाखतीला अशी की नसते. समोर चार-पाच माणसं असतात. आधीचा उमेदवार किती चांगला होता, जेवणाची सुट्टी किती लांबली, पोराचं आडनाव काय, तो बोलतो कसा, सगळं त्या मार्कात मिसळतं. हे मी मनानं सांगत नाही. अजय हसिया खटल्याचा १९८० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेशासाठी लेखीला १०० आणि तोंडीला ५० गुण होते. एकेका मुलाची मुलाखत दोन-तीन मिनिटांत उरकली आणि प्रश्न काय, तर वडील काय करतात, राहता कुठं. तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून जास्त वजन देणं मनमानी आहे असं न्यायालय म्हणालं, आणि मुलाखती टेपरेकॉर्डरवर घेतल्या तर बरं, असंही सुचवलं. पुढं १९८५ मध्ये हरियाणाच्या अशोककुमार यादव प्रकरणात ही रेषा १२.२ टक्क्यांवर आली. तुमचे २७५ गुण २०२५ पैकी आहेत, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या वर. नंतरच्या निकालांनी रेषा सैल केली हे खरं, पण संशय काही संपला नाही. ज्या गोष्टीच्या न्याय्यतेबद्दल न्यायालय साशंक आहे, तिचा क्लास कसा लावायचा?

उत्साही : निकाल वाचायचेच तर लीला धर खटलाही वाचू. १९८१ चा. राजस्थानात न्यायिक सेवेच्या भरतीत मुलाखतीला २५ टक्के गुण होते आणि ते न्यायालयानं मान्य केले. शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाची तोंडी परीक्षा फारशी उपयोगाची नाही, पण वयानं आणि विचारानं घडलेल्या माणसाला जबाबदारीच्या जागेवर बसवायचं तर त्याच्याशी बोलून पाहिलं पाहिजे, असा त्यातला तर्क आहे. मला तो पटतो. आणि लेखी परीक्षा तेवढी स्वच्छ आणि मुलाखत तेवढी मळकी, ही वाटणी मला पटत नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत गुणांचं सामान्यीकरण झालं आणि २०० पैकी २१४ गुण मिळालेले उमेदवार यादीत दिसले. २०२४ च्या नीट प्रकरणाचा तपास आपल्या लातूरपर्यंत आला. पेपरही माणसंच काढतात आणि माणसंच फोडतात. खोटं दोन्हीकडं शिरतं म्हणून सराव सोडून द्यायचा, हे मला कळत नाही.

शंकेखोर : सराव कुणासाठी, हे आधी ठरवा. केंद्र सरकारनं १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या मुलाखती बंदच केल्या. कारण उघड होतं, मुलाखतीच्या नावाखाली वशिला चालायचा. पोलीस भरतीत मैदान आणि लेखी. तलाठी, जिल्हा परिषद, बँकेचा क्लार्क, कुठंच मुलाखत नाही. आपल्याकडच्या बहुतेक पोरांच्या डोळ्यांपुढं याच नोकऱ्या असतात. मग मुलाखत उरली कुठं? शिक्षण संस्थांत. पवित्र पोर्टलवर संस्थांना मुलाखतीसह भरतीचा पर्याय आहे. कॉलेजातली गंमत तर बघा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाचे शैक्षणिक गुण मोजायचे ते फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवण्यापुरते, निवड मुलाखतीवरच. नेट झालेला, पीएच.डी. झालेला माणूस त्या खोलीत शिरताना पुन्हा शून्यावर. तासिका तत्त्वावरच्यांची तर दर जून-जुलैला मुलाखत. तेच कॉलेज, तीच खुर्ची, मागच्या वर्षी शिकवलेलाच विषय, आणि प्रश्न, 'शिकवायला आवडतं का?' वयाची चाळिशी आली तरी याचं उत्तर द्यावं लागतं. जिथं नाव आधीच ठरलेलं आहे तिथं तुमचा क्लास काय करणार?

उत्साही : काहीच नाही, आणि हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगते. ज्या खोलीत निर्णय आधी झालाय तिथं तुमच्या तयारीला किंमत नाही. तिथून परत आलात तर स्वतःला दोष देत बसू नका. आपल्याकडं उलटं होतं. दोन मिनिटांत बाहेर काढलेला पोरगा महिनाभर म्हणत राहतो, 'मी नीट बोललो नाही.' नुसत्या सोपस्काराची मुलाखत आणि खरी मुलाखत यातला फरक ओळखता येणं हादेखील मी तयारीचाच भाग धरते. पण सर, सगळं जग संस्थाचालकांच्या केबिनमध्ये संपत नाही. पूरणमल लाहोटी पॉलिटेक्निकमधून किंवा विष्णुपुरीच्या एसजीजीएसमधून निघालेलं पोर चाकणला, हिंजवडीला जातं. तिथल्या माणसाला जागा खरंच भरायची असते. तो विचारतो, 'प्रोजेक्टमध्ये तू स्वतः काय केलंस?' चौघांच्या गटात रिपोर्टवर नाव आलेलं असतं, पण हात एकाचेच काळे झालेले. मग तीन पोरं तिथंच गार. त्यात वशिला नाही की अन्याय नाही. तिथं तयारी म्हणजे सहा महिने आधी वर्कशॉपमध्ये स्वतः उभं राहणं.

शंकेखोर : हे तुम्ही करत असाल. बाजार हे करत नाही. नांदेडच्या भाग्यनगरात किंवा तुमच्या औसा रोडवर भिंतीवर लावलेले बोर्ड वाचा. व्यक्तिमत्त्व विकास, स्पोकन इंग्लिश, मुलाखत तंत्र, सगळं एका पॅकेजात. पोराला टाय बांधायला शिकवतात. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं उत्तर झेरॉक्स करून देतात. मग लोह्याचा पोरगा आणि निलंग्याचा पोरगा एकाच दमात सांगतात की त्यांची स्ट्रेंथ हार्ड वर्क आहे आणि वीकनेस म्हणजे ते फार परफेक्शनिस्ट आहेत. ज्या पोरानं चार वर्षं सबमिशन शेवटच्या रात्री दिलं, तो परफेक्शनिस्ट! पॅनेलवरचा माणूस दिवसात असे पंधरा परफेक्शनिस्ट ऐकतो. त्याला कळत नसेल? पोराकडं आधी जे थोडंफार खरं होतं तेही तुमच्या क्लासनं पुसून टाकलं, असंच ना?

उत्साही : त्या झेरॉक्सची वकिली मी करणार नाही. माझ्याकडं काय घडतं ते सांगते. औसा तालुक्यातला एक पोरगा, बीएस्सी अॅग्री. सराव मुलाखतीत त्याला सोयाबीनचा हमीभाव विचारला. तो ताडकन म्हणाला, 'सन २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये.' बरोबर. मग विचारलं, 'तुमच्या घरचं काय भावानं गेलं?' पोरगा गप्प. खाली बघायला लागला. अर्ध्या मिनिटानं म्हणाला, 'सर, तसं नक्की सांगता येणार नाही.' नंतर बाहेर बसून विचारलं तर सगळं धडाधडा सांगितलं. मोंढ्यात आडत्याकडं माल घातला, ओलावा जास्त म्हणून भाव पाडला, हमाली-तोलाई कापून हातात पट्टी आली ती चार हजारांच्या आसपासची. खरेदी केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट होती, ती सरकारनं नंतर १५ वर नेली; तोवर त्यांचा माल विकून झाला होता, कारण दिवाळीच्या आधीच उसनवारी फेडायची होती. म्हणजे हमीभाव शेतकऱ्यापर्यंत का पोचत नाही याचं उत्तर त्या पोराच्या खिशात होतं, आणि तो म्हणाला नक्की सांगता येणार नाही! का? घरचं काही सांगितलं तर सरकारवर टीका होईल, गावंढळ वाटेल, पुस्तकातलंच उत्तर चालतं, असं त्याला वाटत होतं. माझं काम तेवढंच. तुला जे माहीत आहे ते खरं ज्ञान आहे, ते इथं बोललं तर चालतं, हे त्याला पटवून देणं. सर, यानं त्याचं काही पुसलं गेलं का?

शंकेखोर : या पोराचं नाही. पण पुढच्या वर्षीच्या बॅचचं काय? तुम्ही हा किस्सा वर्गात सांगणार. मग चाळीस पोरं मोंढ्याची पट्टी घेऊन पॅनेलसमोर जातील. ज्याच्या घरी एक गुंठा नाही तोही सोयाबीनवर बोलेल. दोन वर्षांत पॅनेलवाले म्हणतील, आला बघा लातूरचा पट्टीवाला. सच्चेपणासुद्धा आपल्याकडं गाइडात छापून येतो. आणि मूळ दुखणं याहून खोल आहे. तो पोरगा का गप्प बसला? कारण मोठ्या माणसानं त्याला कधी मत विचारलंच नव्हतं. घरी, 'तुला काय कळतं, गप बस.' शाळेत हाताची घडी, तोंडावर बोट. कॉलेजात प्रश्न विचारला तर, 'पोर्शन संपवायचाय.' वीस-बावीस वर्षं ज्याला गप्प बसण्याचे मार्क मिळाले त्याला तुम्ही एका दिवशी अर्ध्या तासात बोलण्याचे मार्क देता. उलट, वकिलाच्या, प्राध्यापकाच्या घरातलं पोर पाहुण्यांसमोर बसून वाद घालत मोठं झालेलं असतं. मुलाखतीत त्याची हुशारी मोजली जाते की त्याच्या घरची बैठक? पोरींची तर आणखी वेगळी तऱ्हा. 'लग्न झाल्यावर नोकरी करणार का?' हा प्रश्न कुठल्या पोराला विचारलेला मी ऐकला नाही.

उत्साही : त्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे मला पोरींनीच विचारलं होतं. मी सांगते, चिडू नका, लाजू नका. 'घर आणि नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्या बायका याच ऑफिसात आहेत; कामाबद्दल काही शंका असेल तर विचारा.' एवढं बोलून थांबा. प्रश्न चुकीचा आहे हे मला मान्य आहे, पण पोरगी त्या खुर्चीत बसली असताना मी तिला भाषण देऊन उपयोग नाही. आणि घरच्या बैठकीचं तुम्ही म्हणालात ते तर माझ्याच बाजूचं आहे. वकिलाच्या पोराला वीस वर्षं मिळालेला तोसुद्धा क्लासच की! फी दिसत नाही एवढंच. तो वारसा म्हणून मिळाला तर 'संस्कार' आणि आमच्या पोरानं तीन महिन्यांत कष्टानं मिळवला तर 'घोकंपट्टी', हा न्याय कुठला? मी पाठांतर करूनच घेत नाही. स्वतःच्या अर्जातली प्रत्येक ओळ समोर ठेवायला लावते. छंद 'वाचन' लिहिलाय तर शेवटचं पुस्तक कोणतं, त्यातलं काय पटलं नाही? गाव लिहिलंय तर गावात पाणी कुठून येतं? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घरी काय परिस्थिती होती? सराव मुलाखतीला मी त्याचे शिक्षक बसवत नाही. बँकेतला निवृत्त मॅनेजर, तहसीलमधला अव्वल कारकून, एखादा कारखानदार, अशी अनोळखी माणसं बसवते. आडवे प्रश्न आले की पाठ केलेलं दुसऱ्या मिनिटाला संपतं. तिसऱ्या मिनिटापासून पोरगा स्वतःचं बोलायला लागतो.

शंकेखोर : बोलायला लागतो, पण कुठल्या भाषेत? आपलं पोर घाईत असलं की म्हणतं, 'मी दोन वर्षांपासून तयारी करायलो सर.' पुण्यातल्या पॅनेलवरच्या बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येतं. त्या काही वाईट नसतात. पण ते हसू पोराला दिसतं आणि पुढची पाच उत्तरं तो सांभाळून बोलण्यात घालवतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीला निदान मराठीत बोलायची सोय आहे, दुभाषी असतो. कंपनीत तीही नाही. आणि दुसरं, रात्रभर ट्रॅव्हल्सच्या मागच्या सीटवर बसून पोरगा पहाटे वाकडच्या पुलाखाली उतरतो. तोंड धुवायचं कुठं, कपडे बदलायचे कुठं, दहा वाजेपर्यंत बसायचं कुठं? त्याच्यासोबत बसलेलं बाणेरचं पोर घरून नाश्ता करून आलेलं. दोघांना एकच प्रश्न विचारला म्हणजे परीक्षा समान झाली का?

उत्साही : नाही झाली. म्हणून मी अगदी व्यवहाराचं सांगते. एक दिवस आधी जा. हडपसरला मावशी असेल तर मावशीकडं, नसेल तर आपल्याच गावच्या पोरांच्या रूमवर. कपडे नवे घेऊ नका, धुतलेले घाला. नवा शर्ट पोराला दिवसभर टोचतो. मूळ कागदपत्रं एका फाईलीत क्रमानं. आधी उत्तर द्या, मग कारण. आपल्या पोरांना प्रस्तावना करायची सवय असते, ती मोडा. येत नसेल तर 'माहीत नाही, सर' म्हणा आणि पुढच्या प्रश्नाला तयार राहा. हे शेवटचं शिकवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आपल्याकडं माहीत नाही म्हणणं म्हणजे वर्गात उभं राहणं. म्हणून पोर अंदाजे ठोकून देतं आणि मग एका थापेला सावरायला दुसरी. बोलीचं म्हणाल तर मी 'करायलो' खोडत नाही. पण त्याला सांगते, समोरच्याला तुझा मुद्दा पहिल्या झटक्यात कळला पाहिजे, म्हणून सावकाश बोल. सावकाश बोललं की प्रमाण भाषा आपोआप जवळ येते.

शंकेखोर : तुमचं ऐकून माझा अर्धा विरोध गळाला, पण उरलेला अर्धा आता जास्त टोकदार झालाय. सगळी तयारी तुम्ही पोराकडून करून घेताय. खुर्चीच्या पलीकडच्यांची तयारी कोण घेणार? श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. माणूस पुढं काम कसं करेल याचा अंदाज मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीपेक्षा आखीव मुलाखतीतून चांगला येतो, असं त्यात निघालं. आखीव म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न, कामाशी निगडित, आणि कुठल्या उत्तराला किती गुण हे आधी लिहून ठेवलेलं. म्हणजे मुलाखतीची आन्सर की निघू शकते! पण ती पॅनेलनं काढायला हवी. आपल्याकडचा पॅनेलवाला मात्र म्हणतो, 'मी माणूस दारातून आत आला की ओळखतो.' हा अहंकार जोवर शाबूत आहे तोवर तुमचा पोरगा कितीही तयार झाला तरी तो एका माणसाच्या लहरीसाठी तयार होतोय. मुलाखतीचा लातूर पॅटर्न काढायचाच असेल तर तो घेणाऱ्यांचा काढा.

उत्साही : मान्य. पण आखीव मुलाखत आली की तुमची जुनी तक्रार परत येणार. प्रश्न ठरले की ते फुटणार, क्लासवाले त्याची उत्तरं छापणार, आणि तुम्ही म्हणणार पाठांतर झालं. मोकळी ठेवली तर लहर, आखली तर घोकंपट्टी. या दोन्हींच्या मधली जागा मला अजून सापडलेली नाही, आणि तुम्हालाही सापडलेली दिसत नाही. तोवर एक करू. पुढच्या सराव मुलाखतीला तुम्ही पॅनेलवर या. गुणांचा तक्ता आपण दोघं मिळून आधीच करू. कामाची जाण, स्वतःच्या अर्जाची माहिती, अडचणीच्या प्रश्नावर विचार करायची पद्धत, प्रामाणिकपणा. आणि शेवटचा रकाना, भाषा व सादरीकरण.

शंकेखोर : येतो. पहिले चार रकाने मंजूर. पाचवा काढा. त्या रकान्यात आपण मार्क देणार ते पोराच्या घराला, गावाला आणि शाळेला. निदान आपल्या खोलीत तरी त्याचं मोजमाप व्हायला नको.

उत्साही : तो रकाना मी काढणार नाही, सर. हिंजवडीतला माणूस त्याचे मार्क देतोच, फक्त कागदावर लिहीत नाही. मी लपवला तर पोराला कळणारच नाही की तो कुठं मागं पडला. इथं दहापैकी चार मिळाले तर ते वाढवता तरी येतील.

शंकेखोर : आणि चार मिळाले म्हणून त्यानं दुसऱ्या दिवसापासून घरीसुद्धा वेगळं बोलायला सुरुवात केली तर? ते वाढलेले मार्क धरायचे की कमी झालेले?

उत्साही : ते आधी त्यालाच विचारावं लागेल. तुम्ही पॅनेलवर असालच, तुम्हीच विचारा. पण रकाना राहील.

शंकेखोर : राहू द्या. मी तो कोरा सोडीन.